बिनशिक्क्याचं पान

सोमवार, ३ मार्च

मंजूर! मंजूर! मंजूर!

फाइल परत आली आणि खाली साहेबांची हिरव्या शाईतली सही. सहा आठवडे, सहा माणसं, एक खोली. सतरा वर्षं तळघरात बसून पेपरांची कात्रणं काढणाऱ्या बाईला गुप्तवार्ता खात्याने वर्ग दिला! विषय मीच सुचवलेला — जे कळलंय ते वरिष्ठांना तीन मिनिटांत तोंडी सांगायचं. आमची माणसं माहिती काढण्यात तरबेज, पण ती सांगायची वेळ आली की बोबडी वळते. मागच्या महिन्यात एकाने मंत्र्यांसमोर चाळीस मिनिटं घेतली. शेवटी मंत्र्यांनी विचारलं, म्हणजे करायचं काय? तर हा म्हणे, तेच तर सांगतोय.

साहेबांनी एक अट घातली, ती तोंडी. शेवटच्या दिवशी त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक. पटलं तर वर्ग कायम आणि मी त्याची प्रमुख. नाही पटलं तर "पुन्हा तुमची कात्री आणि तुम्ही." हे ते हसत म्हणाले. साहेब हसत बोलतात तेव्हा गंमत करत नसतात, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे.

घरी वहिनीला एवढंच सांगितलं की बढतीचं घाटतंय. तिच्या लेखी मी वजनमापे खात्यात आहे. ती म्हणाली, मग आधी कोपऱ्यावरच्या वाण्याचा काटा बघ, दर खेपेला पाव किलोत मारतो.

ही वही लिहिणं खरं तर नियमात बसत नाही. कामाचं एक अक्षर घरी लिहायचं नाही. पण लिहिलं नाही तर मी फुटेन! नावं घालत नाही, जागा घालत नाही. शिवणयंत्राच्या खणात ठेवते. मी कधीतरी शिवायला बसेन या आशेवर वहिनीने ते यंत्र मला देऊन टाकलंय, त्यामुळे तिथे कुणाचाच हात जात नाही.

मंगळवार, ४ मार्च

तिसऱ्या मजल्यावरची खोली. खिडक्यांच्या काचा अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगवलेल्या. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे — तीन मिनिटांच्या वर्गाला! उद्या स्वयंपाकघरातलं चावीचं घड्याळ न्यायचं. वहिनीला कळता कामा नये.

सहा जण. तिघांनी अजून तोंड उघडलेलं नाही. बाकीच्या तिघांना मी मनातल्या मनात नावं ठेवली. चष्मा — सव्वीस-सत्तावीसची, हात कायम वर. खोकला — आधी बँकेत होता, प्रत्येक वाक्याआधी दोनदा खोकतो. मास्तर — खरंच शाळेत मास्तर होते, त्यामुळे एक गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

पहिल्या तासाला नियम सांगितले. त्यातला पहिलाच, घरी वही ठेवायची नाही. हे सांगताना माझा चेहरा बघण्यासारखा असणार.

गुरुवार, ६ मार्च

फळ्यावर तीन ढीग काढले. कळलं. वाटतं. ठाऊक नाही. म्हटलं, जे काही बोलाल ते आधी यातल्या एका ढिगात टाका, मगच तोंड उघडा. सरावाला सुरुवात माझ्यापासूनच करा म्हटलं. मास्तर म्हणाले, मॅडम आज खुशीत आहेत. आणि ते वाक्य त्यांनी खुशाल "कळलं"मध्ये टाकलं. मी उचलून "वाटतं"मध्ये टाकलं. तेवढ्यात चष्म्याचा हात वर. म्हणाली, ठाऊक नाही मॅडम, तुम्ही रोजच अशा असता का ते समजायला आम्हाला अजून तीनच दिवस झालेत. मूठभर मांस चढलं अंगावर! ही मुलगी पुढे जाणार.

मग या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक शिकवली. एकाच तोंडातून निघालेली बातमी तीन ठिकाणी फिरते, तीन ठिकाणांहून परत येते आणि आपण म्हणतो, वा, तीन जणांनी दुजोरा दिला. तोंड एकच असतं. हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

बोलायचं कसं हे मात्र मी कुठल्या पुस्तकातून शिकवत नाही. ते सगळं नानांचं. माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचल्या. कागदावर पेन्सिलीने खुणा करायचे — एक तिरपी रेघ म्हणजे श्वास, दोन म्हणजे थांबा, अक्षराखाली टिंब म्हणजे इथे जोर. मी शाळेतल्या कविता तशाच खुणा करून पाठ केल्या. आज सहाही जणांच्या हातात पेन्सिली दिल्या.

शुक्रवार, ७ मार्च

पार पडला वर्ग. म्हणजे तोंडावर पडला.

सरावाची टिपणं वाटली. प्रत्येक पानावर लाल शिक्का — सराव. तो बघितला आणि सहाही जणांचे खांदे सैल. खोकला खोकलासुद्धा नाही. चष्म्याने जांभई दिली, हात वर न करता! मास्तरांनी विचारलं, हे खोटंच आहे ना, मग नक्की किती मन लावायचं?

बरोबर विचारलं हो. खोट्यासाठी कुणाची झोप उडते?

रविवार, ९ मार्च

आज एक माणूस तयार केला! या जगात नसलेला, पूर्ण, चालताबोलता. सकाळपासून हात थांबत नाहीये.

नानांना बागेत सोडायला गेले होते. ते नेहमीच्या बाकावर बसले, कोरड्या कारंज्यापासून तिसऱ्या. मी फाटकातून मागे वळून बघितलं आणि डोक्यात लख्ख उजाडलं. हा माणूस कोण ते मला माहीत नसतं तर?

वय सत्तरीच्या पुढे. डावा पाय ओढत येतो (स्टुडिओच्या जिन्यावरून पडले होते, पण ते मला माहीत आहे). रोज एकाच पेपरच्या दोन प्रती घेतो. एक घडीत ठेवतो. दुसरीवर पेन्सिलीने खुणा करतो, रेघा, टिंबं. बरोबर दहाला खुणांचा पेपर बाकावर ठेवून समोरच्या बाकावर जाऊन बसतो. मग माळी येतो, पेपर उचलतो आणि अवजारांच्या खोपटाशी उभा राहतो. दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नाहीत. पण लांबूनच दोघांचे ओठ एकदम हलायला लागतात!

किती भयंकर दिसतं हे! आणि आहे काय? माळी तोतरा आहे. बापड्याला लेकीच्या शाळेत चार लोकांत उभं राहून बोलायचंय. नाना त्याला वाचायला शिकवतात. कुठे श्वास घ्यायचा त्याच्या खुणा करून देतात आणि लांब बसून दुसऱ्या प्रतीवरून त्याच्याबरोबर ओठ हलवतात, कारण जवळ कुणी बसलं की त्याची जीभ अडते. बस्स.

मी हे सगळं, बाग आणि बाकासकट, घेतलं आणि खरं कारण तेवढं काढून टाकलं. रेडिओ गेला, तोतरेपणा गेला, लेक गेली. उरला एक म्हातारा आणि त्याचा साथीदार. त्याला मी बाहेरच्या देशाचे पैसे चिकटवले, बंदरावरचा एक भाऊ चिकटवला — दोन्ही पदरचे. सहा पानांचं टिपण झालं. नाना जेवताना म्हणाले, अगं हसतेस काय एकटीच? म्हटलं, काटे तपासतेय, एक फारच गमतीचा सापडलाय.

शेवटच्या दिवशी पोरांना सांगायचं की हा माझ्या डोक्यातून निघालेला माणूस. बघू कितीजण त्याला "कळलं"मध्ये टाकून बसतात!

सोमवार, १० मार्च

शिक्केबुवांशी खडाजंगी. शिक्का, रजिस्टर आणि कागदाचा भुगा करायचं यंत्र या तिन्हींवर त्यांचं एकहाती राज्य आहे. सरावाचा प्रत्येक कागद त्यांच्याकडे जातो, लाल शिक्का खातो, नंबर घेतो. कच्ची पानं रोज पाचला यंत्रात. मी म्हटलं, या एका टिपणावर शिक्का नको, नाहीतर पोरं झोपतात. त्यांनी शाईची डबी बंद केली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, या इमारतीत शिक्का नसलेला कागद खरा असतो."

म्हटलं, तेच तर हवंय मला!

लिफ्टमध्ये साहेब भेटले. चौथा मजला ते तळमजला एवढ्या वेळात विचारून घेतलं, सरावाच्या कागदांचा शिक्का काढू का? ते मोबाइलमध्ये बघत म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर. झालं काम! शिक्केबुवांनी रजिस्टरात ओळ लिहिली नाही. शिक्का नाही तर नोंद नाही म्हणे. माझी कच्ची पानं मात्र त्यांनी माझ्यादेखत यंत्रात घातली, तेवढंच समाधान.

मंगळवार, ११ मार्च

पेटले! अक्षरशः पेटले! टिपण वाटलं. कुठून आलं ते सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. सहाही जणांनी शेवटचं पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग सहाही जण एकदम बोलायला लागले. ज्या तिघांनी आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं, त्यांच्यात खुणांवरून वादावादी. खोकल्याने त्या माणसाला नाव दिलं — पेन्सिलवाला.

घरी येऊन नानांच्या कानाशी हळूच म्हटलं, पेन्सिलवाले, पाणी देऊ का? त्यांना वाटलं मी लाडात आलेय.

शुक्रवार, १४ मार्च

आज विचारणा शिकवली. दुसऱ्या विभागाला फोन करायचा आणि आपलं कमीत कमी सांगून त्यांचं जास्तीत जास्त काढायचं. खरे फोन, खरी माणसं! चष्म्याने शहर विभागाला लावला, खोकल्याने टपाल विभागाला, मास्तरांनी बंदर विभागाला. खुणांचे पेपर, बाग, माळी, असं काही कानावर आलंय का? तिन्हीकडून नाही म्हणाले. पण तिन्हीकडे टिपून घेतलं! चष्मा सांगत होती, समोरच्याच्या पेनचा आवाज ऐकू येत होता. म्हणजे पोरांचं बोलणं पटलं! सतरा वर्षांत माझं बोलणं कुणी टिपून घेतलेलं मला आठवत नाही.

मंगळवार, १८ मार्च

मास्तर आज तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर. गेल्या आठवड्यात अकरा मिनिटं होते.

रविवार, २३ मार्च

नाना फार खुशीत. माळ्याने एक अख्खी बातमी न अडखळता वाचली. मधे एकदाच थांबला, तेही नानांनी दोन रेघा मारल्या होत्या तिथे. नानांच्या डोळ्यांत पाणी. स्वतः एकतीस वर्षं वाचल्या त्या बातम्यांचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं त्यांनी.

वहिनी चावीचं घड्याळ शोधतेय. मीही तिच्याबरोबर शोधलं. फार वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

सोमवार, ३१ मार्च

चष्म्याने विचारलं की पेन्सिलवाल्याचं प्रकरण कुठल्या विभागाकडून आलं. म्हटलं, शेवटच्या दिवशी सांगेन. ती म्हणाली, शहर विभागाने शुक्रवारी उलट फोन करून मलाच विचारलं, तुमच्याकडे पुढे काय कळलं? हसू आवरेना. आमची पोरं तयार झाली की! फोन ठेवायच्या आधी तिने त्यांना काय सांगितलं ते विचारायचं राहून गेलं. उद्या विचारते.

गुरुवार, ३ एप्रिल

खोकला तीन मिनिटं बोलला. एकदाही खोकला नाही! आम्ही सगळे बाकं वाजवत होतो. तोही हसायला लागला, मग हसता हसता खोकला लागला.

रविवार, ६ एप्रिल

नाना सांगत होते, बागेत एक नवं जोडपं यायला लागलंय, चार दिवस झाले. शेजारच्याच बाकावर असतात. मुलीने नानांना वेळ विचारली, मनगटावर घड्याळ असून. आणि दोघं एकमेकांकडे बघतच नाहीत म्हणे. वहिनी म्हणाली, मग लग्न झालेलं असणार. सगळे पोट धरून हसलो.

गुरुवार, १० एप्रिल

उद्या! भूक नाही. साडी तीनदा बदलली, तीही आदल्या दिवशी. चष्मा बोलणार, पेन्सिलवाल्यावर. साहेब कधीही हात वर करून थांबवतात, अशी ख्याती आहे. त्यांनी थांबवलं तर मी सोमवारी परत तळघरात. कात्री तिथेच खणात असेल. मी धार लावून ठेवली होती.

शुक्रवार, ११ एप्रिल

कायम!!!

दोन मिनिटं सत्तावन्न सेकंद! चष्मा उभी राहिली, कागद खाली ठेवला, श्वास घेतला — नानांची एक रेघ — आणि सुरू. साहेबांनी हात वर केला नाही. शेवटी टिपण मागून घेतलं, उभ्या उभ्या चाळलं, विचारलं, हे कुठलं? ती म्हणाली, आमच्या वर्गाचं, साहेब. ते म्हणाले, या खात्यात तीस वर्षांत पहिल्यांदा मला काय ऐकलं ते जाताना आठवतंय. मग माझ्याकडे वळून, "वर्ग कायम. तुम्हीही." आणि टिपण काखेत मारून गेले.

मग जो गलका झाला! मास्तर रडले. शिक्केबुवासुद्धा दारात येऊन उभे राहिले. पेन्सिलवाला खोटा, हे सांगायचं होतं आज. त्या गडबडीत राहिलं. आणि खरं सांगायचं तर चष्म्याचा फुललेला चेहरा बघून जीभही उचलली नाही. सोमवारी सांगते.

घड्याळ स्वयंपाकघरात ठेवून दिलं. वहिनीला ते पिठाच्या डब्यामागे सापडलं. तिनेच मला सांगितलं की तिथेच पडलं असणार.

मंगळवार, १५ एप्रिल

स्वतंत्र खोली! दारावर पाटी! काचा रंगवलेल्या नाहीत!

सहाही जणांच्या नेमणुका काल सकाळीच निघाल्या, मी पोचायच्या आत. चष्मा शहर विभागात, बाकीचे इकडेतिकडे. पेन्सिलवाल्याचं आता पत्र पाठवूनच सांगावं लागेल. नव्या तुकडीचं वेळापत्रक आधी संपवू दे.

रविवार, २० एप्रिल

नाना रागावलेत. दोन दिवस त्यांनी खुणा केलेला पेपर बाकावरून गायब, माळ्याच्या हातात पडायच्या आधीच. त्याला कुणी तरी विचारलंही, हा पेपर तुला कोण देतं? तो घाबरला. घाबरला की त्याची जीभ हलत नाही. मनात काहीतरी टोचलं. पण वहिनीने हाक मारली, पाहुणे आले, आणि मग नव्या तुकडीची यादी तपासायची होती.

गुरुवार, २४ एप्रिल

 जसं झालं तसं लिहिते.

सकाळच्या बैठकीला आज पहिल्यांदा बोलावणं होतं. लांबलचक टेबल, साहेब टोकाला, मी भिंतीकडच्या खुर्चीत. शहर विभागाचा अधिकारी उठला. त्याने सुरुवात केली, "साहेब, तीन ढीग आहेत." माझी छाती फुगली. माझा वर्ग इमारतीत पसरला! असं वाटलं आणि तेवढ्यात तो पुढे बोलला.

कळलं: वय सत्तरीच्या पुढे, डावा पाय ओढतो. एकाच पेपरच्या दोन प्रती. खुणा केलेली प्रत माळी उचलतो. लांबून ओठांनी इशारे. पाळत ठेवून खात्री केली आहे. शहर, टपाल आणि बंदर, तिन्ही विभागांकडे वेगवेगळी नोंद आहे. तिघांचाही दुजोरा.

तीन विभाग! माझ्याच वर्गातून गेलेले तीन फोन! शहराने टपालाला विचारलं, टपालाने बंदराला, बंदराने शहराला, आणि प्रत्येकाने दुसऱ्याची नोंद स्वतःच्या फाइलला लावली. तोंड एकच होतं. माझं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, खाली दोन रेघा ओढलेलं, तेच मी त्यांच्याकडून करवून घेतलं.

मग पडद्यावर फोटो आला. कोरडं कारंजं, तिसरा बाक, आणि गेल्या वर्षी मी घेऊन दिलेली राखाडी टोपी. नाना पेन्सिलीला टोक करत होते.

ठरलं असं — उद्या सकाळी दहाला दोघांनाही ताब्यात घ्यायचं, पेपर हातात असताना. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत सांगून झालं. साहेब म्हणाले, छान सांगितलंत. खोलीतले दोघे-तिघे माझ्याकडे बघून कौतुकाने हसले.

बैठक संपल्यावर साहेबांची खोली गाठली.  सगळं सांगितलं. हा माणूस मी तयार केला, भाऊ खोटा, पैसे खोटे, आणि फोटोतले ते माझे वडील, रेडिओवर बातम्या वाचायचे. साहेबांनी ऐकून घेतलं, एकदाही हात वर केला नाही. मग म्हणाले, रेडिओचं तपासून घेऊ, पण बातम्या वाचलेला माणूस दुसरं काही करत नाही असं कुठे आहे?

"तीन विभाग म्हणतात माणूस आहे. पाळतीवर तो दिसलाय. आणि आज, फोटो बघितल्यावर, त्याची मुलगी येऊन सांगते की तो मीच रचला. तुमचा वर्ग मला हे कुठल्या ढिगात टाकायला शिकवतो?"

मी म्हटलं, वाटतं.

ते म्हणाले, मग कळलंमध्ये जाईल असं काहीतरी आणा. लेखी. तारखेचं. आजच्या आधीचं.

शिक्केबुवांकडे पळाले. रजिस्टरात काही नाही; बिनशिक्क्याचं टिपण त्यांना आठवतं, पण त्यातला मजकूर त्यांनी वाचलेलाच नव्हता. कच्ची पानं यंत्रात, मीच बघत उभी होते. लिफ्टमधलं साहेबांना आठवतं, पण शिक्का कुठल्या कागदाचा काढला ते त्यांना ठाऊक नाही. चष्म्याला फोन केला.  ती म्हणाली, मॅडम, मी तर शहर विभागाला सांगितलं होतं की प्रकरण तुमच्याकडून आलंय म्हणजे पक्कं असणार. तिची यात काही चूक नाही. हेही लिहून ठेवते.

नानांना उद्या बागेत जाऊ नका म्हटलं तर? तेही करून बघितलं, संध्याकाळी. म्हणाले, उद्या कसं चुकवू, उद्या तो पहिलं पान वाचणार आहे. आणि ते घरी बसले तरी माळी तर बागेतच असणार. त्याला चार जणांनी घेरून विचारलं तर त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही आणि त्याचं ते गप्प बसणं कुठल्या ढिगात पडेल हे मला पक्कं माहीत आहे. मी शिकवलेल्या माणसांना मी ओळखते.

आजच्या आधीचं. लेखी. तारखेचं. मगापासून हेच लिहीत बसलेय आणि जिच्यात लिहितेय त्या वहीकडे माझं लक्ष आत्ता जातंय.

शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी

साहेब, हे पान तुमच्यासाठी.

९ मार्चला पेन्सिल घालून ठेवली आहे, तिथे उघडा. घरी वही ठेवायची नाही हा नियम पहिल्या दिवशी मीच शिकवला, ते ४ मार्चला आहे. माझ्या पाटीवाल्या खोलीची किल्ली वहीच्या शेवटी चिकटवली आहे. वहिनीबद्दल जे लिहिलंय ते फाइलला लावू नका, एवढी विनंती.

नाना बाकावर जाऊन बसलेत. तुमची माणसं दहाला पोचतील. मी साडेनऊला तुमच्या दारात आहे. ९ मार्चचं पान वाचायला तीन मिनिटं लागतात. घड्याळ लावून पाहिलंय.